वाट ऐकणारा

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, कारण तेव्हा वर्षे मोजणारे कोणी नव्हते. मुलांनो, तुम्ही ऐकाच. आणि मुलांच्या मागे बसून, आपण नाही बुवा ऐकत असा चेहरा करणाऱ्या मोठ्या माणसांनो, तुम्ही जरा जास्त नीट ऐका. गोष्ट खरे तर तुमचीच आहे.

एका राज्याच्या टोकाला एक उंच डोंगर होता. त्याच्या माथ्यावर झराई देवीचे ठाणे होते. देऊळ म्हणावे असे तिथे काही नव्हते. शेंदूर लावलेली एक शिळा, तिच्यावर झाडांची सावली आणि शिळेच्या पायाशी बारा महिने वाहणारा एक झरा. पाऊस सरला, भाताच्या लोंब्या भरू लागल्या, की गावोगावची माणसे झराईला निघत. झऱ्याचे ओंजळभर पाणी तिथे प्यायचे आणि गडूभर घरी न्यायचे, एवढीच ती यात्रा.

पण त्या डोंगराला एक खोड होती. तो स्वस्थ बसत नसे. दर पावसाळ्यात त्याचे कुठले तरी अंग ढिले पडे. कुठे दरड सुटे, कुठे माती घसरे. गेल्या वर्षी जिथून माणसे गेली तिथून यंदा जाता येईलच असे नसे. म्हणून झराईची वाट दर साली नव्याने ठरवावी लागे आणि ते काम पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराकडे होते. त्या घरातल्या कर्त्या पुरुषाला लोक वाटऐक्या म्हणत. आपल्या गोष्टीच्या वेळी वाटऐक्या होता खेमा.

खेमाचे काम असे असे. पाऊस थांबून तीन कडक उन्हे पडली की तो अनवाणी डोंगर चढे. भर दुपारी, वारा पडलेला आणि पाखरे गप्प झालेली असताना, तो ठिकठिकाणी जमिनीवर पालथा होई आणि उजवा कान मातीला लावी. घट्ट डोंगर आपल्याच काळजाचा ठोका आपल्याला परत देतो, असे त्याला आज्याने शिकवले होते. पोटात पाणी भरलेला डोंगर तो ठोका गिळतो आणि वर गुरगुरतो. जिथे गुरगुर ऐकू येई तिथे खेमा बोरीची काटेरी फांदी आडवी टाकी आणि वाट दुसरीकडून वळवी. मग खाली येऊन जमलेल्या लोकांपुढे तीनदा म्हणे, "वाट मोकळी! वाट मोकळी! वाट मोकळी!" आणि सगळ्यांच्या पुढे स्वतः चालू लागे.

चार पिढ्यांत त्या वाटेवर एकही माणूस दगावला नव्हता. त्याचा परिणाम असा झाला की लोक पायांखाली बघायचेच विसरले. आया पोरांना सांगत, "खाली नको बघू. खेमाच्या पाठीकडं बघ आन चाल." दुसरीकडची माणसे डोंगरात जपून पाऊल टाकतात. ही माणसे गाणी म्हणत, एकमेकांच्या खोड्या काढत, मान वर करून चढत. विश्वास फार चांगली गोष्ट आहे. पण तो ज्याच्यावर ठेवलेला असतो त्याला तो किती जड होतो, हे ठेवणाऱ्यांच्या क्वचितच ध्यानात येते. खेमाला मात्र तो जड वाटत नसे. त्याला वेगळेच दुःख होते.

ते दुःख म्हणजे त्याची बायको साळू. अकरा वर्षांपूर्वी गवत कापताना ती कड्यावरून घसरली आणि कमरेखालचे तिचे अंग कायमचे गेले. खेमाचे घर डोंगराच्या पायथ्याशी, अगदी वाटेवर होते. साळू अंगणात बसून राही आणि चढणाऱ्या माणसांना गूळपाणी देई. चढणारे तिच्या हातचे पाणी पिऊन वर जात आणि ती त्यांच्या पाठी बघत बसे. एखाद्या सुनेच्या पायातल्या जोडव्यांचा आवाज दूर जाईपर्यंत ती ऐकत राही.

तुम्ही म्हणाल, मग तिला कोणी उचलून का नेले नाही? तर झराईच्या वाटेचा एक रिवाज होता. त्या वाटेवर जिवंत माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर जात नसे. खांद्यावरून जायचा तो मुडदा. राजाची पालखीसुद्धा पायथ्याशी टेकत असे. आणि घोडा, गाढव चालेल एवढी ती वाट रुंद नव्हती. तेव्हा साळूला झराई नव्हती. डोंगराच्या पलीकडच्या भातखाचरांच्या गावातून कोंडाई नावाची एक विधवा बाई दर साली आपल्या एकुलत्या एक मुलाबरोबर येत असे. उतरताना ती आपल्या गडूतले पाणी पहिल्यांदा साळूला पाजी. साळू ते डोळे मिटून पिई आणि म्हणे, "गोड हाय हो, आक्का." पण एकदा कोंडाई गेल्यावर ती खेमाला म्हणाली, "आनखी एक डाव माज्या सवताच्या वंजळीनं प्यायला मिळालं असतं, तर बरं झालं असतं."

एवढेच म्हणाली. पुन्हा कधी तो विषय तिने काढला नाही. खेमाच्या मनातून मात्र तो गेला नाही.

अशातच समुद्रापलीकडचे व्यापारी त्या राज्यात आले. त्यांची जहाजे मोठी, अंगरखे मऊ आणि बोलणे त्याहून मऊ. त्यांनी राजाला आरसे दिले, घड्याळ दिले, वाऱ्यावर आपोआप वाजणारी घंटा दिली. राजा तरुण होता. आपल्याला लोकांनी पुण्यवान म्हणावे, अशी त्याला फार हौस होती. एके दिवशी व्यापाऱ्यांचा म्होरक्या त्याला म्हणाला, "महाराज, आपली प्रजा देवीला जाताना किती हाल सोसते! म्हातारीकोतारी माणसे अनवाणी दगड तुडवतात. आम्हाला बघवत नाही. आपण आज्ञा द्या. डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत आम्ही असा रस्ता बांधून देऊ की दोन गाड्या शेजारून जातील. आपल्याला एक कवडीही पडणार नाही. रस्त्याला नाव मात्र आपले राहील."

राजा हुरळून गेला. ज्यांनी जन्मात झराईला हात जोडले नाहीत, त्यांना झराईच्या भक्तांच्या तळपायांचा एवढा कळवळा का यावा, हे दरबारात कोणी विचारले नाही. विचारणारे एकदोघे होते, पण त्यांनाही आरसे मिळाले होते.

खरी गोष्ट अशी होती की झराईच्या ठाण्यामागे, माथ्यापासून मधल्या उतारापर्यंत, सरळ खोडाच्या प्रचंड झाडांचे रान होते. तसे सरळसोट झाड त्या व्यापाऱ्यांच्या देशात उरले नव्हते आणि झाड सरळ नसले की जहाजाची डोलकाठी होत नाही. रान वर, बंदर खाली आणि मध्ये माणसाची एक पायवाट. त्यांना रस्ता हवा होता तो यासाठी.

रस्ता झाला. त्यांनी जहाजांतून आपली माणसे आणून, सुरुंग लावून डोंगराची कूस कापली, कापलेल्या जागी दगडी फरश्या बसवल्या आणि सांधे चुन्याने घट्ट भरले. दिसायला फार देखणा झाला. राजाने दवंडी पिटवली. पण एकही माणूस त्या रस्त्यावर पाऊल ठेवीना. गाडीवान येईनात, मजूर येईनात. दुप्पट मजुरी देऊ केली तरी येईनात. जो तो एवढेच विचारी, "खेमानं ऐकली का?"

व्यापाऱ्यांची जहाजे बंदरात नुसती डोलत उभी राहिली. राजाने हुकूम काढले आणि मागे घेतले. शेवटी म्होरक्या स्वतः दुभाष्याला घेऊन खेमाच्या अंगणात आला.

तो हुशार माणूस होता. पैशाची थैली काढली तर हा आपल्याला हाकलून देईल, हे त्याने खेमाच्या तोंडाकडे बघूनच ओळखले. तो घोंगडीवर बसला, साळूने दिलेले गूळपाणी प्याला आणि तिच्या पायांकडे बघत राहिला. मग दुभाष्याशी हळू काहीतरी बोलला.

दुभाष्या म्हणाला, "शेठ विचारतात, बाई वर कशा जातात?"

"मी न्हाई जात," साळू म्हणाली.

"कधीच नाही?"

"चालत जाणाऱ्याचीच देवी हाय ती."

दुभाष्याने ते सांगितले. म्होरक्याने मान हलवली आणि निरोप घेऊन उठला. रस्त्याबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. आठ दिवसांनी खेमाच्या दारात एक गाडी येऊन उभी राहिली. हलक्या लाकडाची, छोटी. आत गादी, पाठीला लोड, दोन्ही बाजूंना धरायला कठडा आणि वर ऊन लागू नये म्हणून छप्पर. गाडी आणणारा माणूस म्हणाला, "बाईंसाठी आहे. खांद्यावर न्यायचे नाही म्हणता ना? ही चाकावर चालते."

खेमाने ती गाडी परत न्यायला सांगितले. दोनदा सांगितले. पण तेवढ्यात साळूने कठड्यावरून हात फिरवला. अकरा वर्षांत तिने कशावरही असा हात फिरवलेला त्याने पाहिला नव्हता. तिसऱ्यांदा सांगायला त्याची जीभ उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी खेमा नव्या रस्त्यावर ऐकायला गेला. दिवस थंडीचे होते आणि डोंगर कोरडा होता. कापलेल्या कुशीपाशी तो पालथा झाला आणि त्याने फरशीला कान लावला. काहीच ऐकू आले नाही. गुरगुर नाही, तसा काळजाचा ठोकाही नाही. दगड आणि चुना यांच्या थराखाली डोंगर कुठे आहे हेच कळेना. तो दहा पावले पुढे गेला, तिथेही तेच. एखाद्या घराला हाक मारावी आणि आत माणूस आहे की नाही तेही कळू नये, तसे त्याला झाले.

आज्याने त्याला दोन आवाज शिकवले होते. आवाजच नसला तर काय समजायचे, हे शिकवायची आज्यावर वेळ आली नव्हती.

तो तिथेच फरशीवर बसला. मग त्याने मनाची समजूत घातली. थंडीच्या दिवसांत डोंगर कधी हलला आहे का? नाही. आपल्याला गुरगुर ऐकू आली का? नाही. मग आपण खोटे काय बोलणार आहोत? तो खाली आला, गाडीवानांसमोर उभा राहिला आणि त्याने तीनदा म्हटले, "वाट मोकळी."

त्याच दिवसापासून रस्ता वाहू लागला. वरून खोडे खाली येऊ लागली. एकेका खोडाला आठ-आठ बैल. कोंडाईच्या मुलानेही आपली जोडी त्या कामाला लावली. त्याला चार पैसे मिळू लागले आणि त्याचे लग्न ठरले. बंदरातली जहाजे भरून जात, रिकामी होऊन परत येत. हुताशनीच्या होळीपर्यंत माथा बोडका झाला. उन्हाळा सरेपर्यंत मधला उतारही बोडका झाला. झराईच्या शिळेवर पहिल्यांदाच ऊन पडले. काही म्हाताऱ्यांना ते बघवले नाही, पण रस्ता खेमाने मोकळा केला होता, तेव्हा बोलणार कोण?

मग पाऊस आला. त्या साली तो नेहमीपेक्षा जास्त पडला नाही, हे मुद्दाम सांगतो. पुढे काही लोकांनी पावसाला दोष दिला, म्हणून.

पाऊस सरला. तीन उन्हे पडली. खेमा वर चढला, कारण यात्रा तोंडावर आली होती आणि साऱ्या मुलखात बातमी पसरली होती की यंदा लंगडेपांगळे, म्हातारेकोतारे, सगळे गाडीत बसून जाणार. साळूने आपले हिरवे लुगडे पेटीतून काढून उन्हात घातले होते. गेले महिनाभर ती रोज थोडा वेळ त्या गाडीत बसून सवय करत होती.

खेमा आधी माथ्यावर गेला. झरा आटला होता. भर पावसाळ्यानंतर शिळेच्या पायाशी खळग्यात जेमतेम ओंजळभर पाणी उरले होते. ज्या वर्षी दुष्काळ पडून माणसांनी झाडपाला खाल्ला होता, त्या वर्षीही तो झरा आटला नव्हता. खेमा खुळा नव्हता. एवढा पाऊस पडला, झाडे नाहीत म्हणून तो सरळ मातीत शिरला आणि झऱ्यातून बाहेर आला नाही. मग ते पाणी गेले कुठे? ते एकाच ठिकाणी असू शकत होते. डोंगराच्या पोटात.

तो धावतच कापलेल्या कुशीपाशी आला. वरचा उतार बोडका, खाली देखणा रस्ता. त्याने फरशीला कान लावला. फरशी गप्प. रस्ता दुरुस्त करणाऱ्यांची एक पहार तिथेच भिंतीला टेकून ठेवली होती. ती त्याने उचलली. एकच फरशी उखडायची, खालच्या उघड्या मातीला कान लावायचा. अर्ध्या घटकेचे काम. पहारेचे टोक त्याने सांध्यात घातलेही.

आणि तो थांबला.

फरशी उचलली की काय ऐकू येणार, हे त्याला पक्के ठाऊक होते. ते एकदा ऐकले की बोरीची फांदी आडवी टाकावी लागणार. मग गाड्या वर जाणार नाहीत. मग खाली जाऊन साळूला सांगावे लागणार की लुगडे परत पेटीत ठेव. जुनी वाट ऐकून इतर माणसांना नेता येईल, पण साळूला नाही. यंदा नाही, पुढे कधीच नाही. आणि तिचे वय होत चालले होते.

त्याने पहार सांध्यातून काढली आणि होती तिथे भिंतीला टेकून ठेवली. 'एकच दिवस,' तो मनाशी म्हणाला. 'झराई, एकच दिवस तुजा डोंगर धरून ठेव. नंतर मी समद्यांना सांगतो. रस्ता कायमचा बंद करतो.'

मुलांनो, देवीशी असा सौदा तुम्ही-आम्ही सगळेच करतो. ती कधी कबूल म्हणत नाही आणि आपण मात्र ठरले असे धरून चालतो.

तो घरी आला तेव्हा साळू गाडीच्या कठड्याला झेंडूची माळ बांधत होती.

"आइकलंत का?" तिने विचारले.

"आइकलं."

"मग?"

"काय ऐकू आलं न्हाई," खेमा म्हणाला. यातला एकही शब्द खोटा नव्हता.

यात्रेचा दिवस उजाडला. पायथ्याशी ही गर्दी. सात गाड्या सजल्या होत्या आणि त्यांच्या मागे गावेच्या गावे उभी होती. पहिली गाडी साळूची. ती हाकायला कोंडाईचा मुलगा स्वतःची बैलजोडी घेऊन आला होता. कोंडाई म्हणाली, "मी आपली चालतच येते. चाकावर बसून देवाला जायचं मला न्हाई जमायचं." ती काठी टेकत खेमाच्या मागोमाग उभी राहिली. खेमाने तीनदा "वाट मोकळी" म्हटले. तिसऱ्या वेळी त्याचा आवाज फाटला, पण वाजंत्रीच्या गलबल्यात ते कोणाला कळले नाही.

चढताना साळू सारखी बोलत होती. सगळा मुलूख तिला अकरा वर्षांनी वरून दिसत होता. "अवो, ते आपलं घर का? येवढंसं?" ती मागून ओरडे. "आन त्यो पांढरा पट्टा? नदी हाय व्हय ती?" खेमा वळून न बघता, हो, हो म्हणत होता. वाटऐक्याने चालताना मागे वळून बघायचे नाही, असा नेम होता आणि वीस वर्षांत त्याने तो मोडला नव्हता.

कापलेल्या कुशीपाशी आल्यावर त्याने पावले भरभर उचलली. तेवढा टप्पा ओलांडून तो पलीकडे गेला. कोंडाई त्याच्या पाठोपाठ पार झाली. पहिली गाडी बरोबर मध्यावर आली आणि खेमाच्या टाचांना खालून हिसका बसला.

तो गर्रकन वळला. दोन्ही हात वर करून ओरडला, "मागं फिरा! मागं फिरा!"

पण मागे वाजंत्री वाजत होती. माणसे गात होती. आणि आयुष्यभर ज्याची नुसती पाठ पाहिली, त्या खेमाचा चेहरा त्यांना आज पहिल्यांदा वाटेवर दिसला. खेमा काहीतरी सांगतो आहे, असे त्यांना वाटले. माणसे फिरली नाहीत, उलट ते ऐकू यावे म्हणून घाईने पुढे आली. मागच्या गाड्या पुढच्यांना येऊन भिडल्या. साळू कठडा धरून पुढे वाकली आणि तिने विचारले, "काय म्हनता वो?"

मग वरचा सगळा बोडका उतार खाली आला.

आवाज फार वेळ झाला नाही. धूळही उडाली नाही, कारण ती माती नव्हतीच, चिखल होता. रस्त्याच्या फरश्या खोक्याच्या झाकणासारख्या उलटल्या आणि सात गाड्या, त्यांचे बैल आणि त्यांच्या मागची दोन गावांची माणसे दरीत गेली. अलीकडच्या काठावर उरलेली माणसे आणि पलीकडे खेमा व कोंडाई. मध्ये डोंगराचे उघडे पोट. त्यातून पाणी वाहत होते. झराईचे पाणी.

खेमा तीन दिवस हातांनी चिखल उपसत होता. त्याला साळू सापडली नाही. कोंडाईला तिच्या मुलाच्या बैलांपैकी एक बैल सापडला.

राजाने दरबार भरवला. व्यापाऱ्यांना बोलावणे गेले, पण शेवटचे जहाज यात्रेच्या चार दिवस आधीच गेले होते. रानात घेण्यासारखे काही उरले नसल्याने त्यांनी आपले बिऱ्हाड हलवले होते. जाताना म्होरक्याने दुभाष्याजवळ एक पत्र ठेवले होते, लागलेच तर दाखवायला. त्यात लिहिले होते: 'आम्ही परके. डोंगर चांगला की वाईट, हे आम्हाला काय कळणार? ज्यांना कळते त्या आपल्याच वाटऐक्याने हा रस्ता दोनदा मोकळा केला.' पत्र लिहिताना रस्ता एकदाच मोकळा झाला होता. दुसऱ्या वेळची म्होरक्याला आधीच खात्री होती.

राजाने खेमाकडे पाहिले. खेमा म्हणाला, "महाराज, मला शिक्षा करा."

पण खेमाला शिक्षा करायची म्हणजे चौकशी करावी लागणार आणि रस्त्याला नाव राजाचे होते. "डोंगराचा कोप झाला," असे म्हणून राजाने दरबार उठवला. खेमा मोकळा सुटला. त्याच्यासारख्याला याहून मोठी शिक्षा देता आली नसती.

पुढच्या साली पाऊस सरला, उन्हे पडली, लोंब्या भरल्या. पायथ्याशी कोणी आले नाही. दुसऱ्या एका डोंगरवाल्या राज्यात व्यापारी रस्ता बांधत आहेत, अशी बातमी मात्र आली. खेमा अंगणात बसून होता. लोक त्याला शिव्या द्यायलाही फिरकत नव्हते. यात्रेच्या ठरल्या दिवशी एकटी कोंडाई काठी टेकत आली आणि त्याच्यासमोर बसली. वर्षभरात ती वाळून काटकी झाली होती.

"खेमा," ती म्हणाली, "मी भांडाय न्हाई आले. मला येकच सांग. तुला ठावं नव्हतं न्हवं? डोंगरानं तुलाबी फसवलं न्हवं? तेवढं म्हन, बाबा. तुजीबी बाईल गेली. तेवढं म्हनलास तर माजं पोर डोंगरानं नेलं असं म्हनीन आन ऱ्हायलेले दिस काढीन."

म्हणायला सोपे होते. एक 'नव्हतं' म्हटले की झाले. म्हातारीला शांत झोप लागली असती आणि तिने त्याच्या पाठीवरून हातही फिरवला असता. साळू गेल्यापासून त्याच्याशी कोणी दोन शब्द बोलले नव्हते. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिले. ती अजूनही त्याच्या शब्दावर विसंबायला तयार होती.

"ठावं होतं, आक्का," तो म्हणाला. "पहार माज्या हातात होती. येक फरशी उचलली असती तर ऐकू आलं असतं. म्या उचलली न्हाई. साळूला न्यायचं होतं."

कोंडाईने शाप दिला नाही की ती रडली नाही. मग काठीवर भार देऊन उठली आणि आली तशी परत निघाली. चालताना तिची मान खाली होती आणि एकेक पाऊल टाकण्याआधी ती काठीने पुढची जमीन ठोकून बघत होती. त्या मुलखातली माणसे आजही तशीच चालतात आणि कोणी कोणाच्या मागे जात नाही.

बोध: ज्याच्या शब्दावर लोक डोळे मिटून पाऊल टाकतात, त्याने जिवलगाच्या मायेपोटीसुद्धा ऐकायचे ते ऐकण्याचे टाळू नये.